आईला मधुमेह निघाला आहे. घटाचे उपवास आणि घरची रीत सांभाळून उपचार कसे बसवावेत?

तेरणाकाठ (औसा तालुका)

नमस्कार. माझी आई ५६ वर्षांची असून आम्ही औसा तालुक्यातील एका खेड्यात एकत्र कुटुंबात राहतो. गेल्या महिन्यात गावच्या उपकेंद्रात तिशीपुढच्या सर्वांची तपासणी झाली, तेव्हा आईची साखर वाढलेली आढळली. लातूरला नेऊन रीतसर तपासले असता उपाशीपोटी १८८ आणि एचबीएवनसी (साखरेची साधारण तीन महिन्यांची सरासरी) ८.९ आले. डॉक्टरांनी मेटफॉर्मिन ५०० दिवसातून दोनदा जेवणाबरोबर आणि ग्लिमेपिराइड १ मि.ग्रॅ. सकाळी न्याहारीआधी, अशा गोळ्या सुरू केल्या आहेत. सोबत एक छापील आहारपत्रक दिले, ज्यात ओट्स, ब्राऊन राइस, ब्रोकोली आणि ऑलिव्ह ऑइल असे पदार्थ आहेत. आमच्या घरी भाकरी, वरण, पिठले, पालेभाजी, शेंगदाण्याची चटणी असा स्वयंपाक असतो आणि तेल करडईचे किंवा सोयाबीनचे असते. त्यामुळे ते पत्रक आईने देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात ठेवून दिले ते तिथेच आहे.

परंतु माझा प्रश्न केवळ पदार्थांचा नाही. आई दोन्ही एकादश्या आणि संकष्टी करते, आणि नवरात्रात घट बसल्यापासून उठेपर्यंत नऊ दिवस उपवास धरते. सासूने दिलेले व्रत आहे, ते मोडायचे नाही, असे तिचे ठाम म्हणणे आहे. एरवीही घरातले सर्व जण, गडीमाणसे, आलेगेले जेवल्यावरच ती ताटावर बसते, आणि त्याला रात्रीचे दहा वाजतात. वडिलांचे मत असे की गोळी एकदा लागली की जन्मभर सुटत नाही, तेव्हा आधी पथ्य करून पाहावे; हा शहरातल्या बसून खाणाऱ्यांचा आजार आहे, रानात राबणाऱ्या बाईला तो कसा होईल, असेही ते म्हणतात. आत्याने बाजारातून एक पुडी आणून दिली आहे, तिच्यावर नाव नाही की गाव नाही.

नवरात्र तोंडावर आले आहे. आईचे मन न दुखावता आणि तिच्या जिवाला धोका न होता हे सारे कसे बसवावे, याविषयी जाणकारांनी आणि यातून गेलेल्यांनी कृपया लिहावे.

मांजरा (लातूर)

मी लातूर जिल्ह्यात बरीच वर्षे फिजिशियन म्हणून काम करतो. रुग्णाला न पाहता गोळ्यांची मात्रा सांगणे योग्य नाही, म्हणून ती सांगणार नाही. पण आपल्या प्रश्नातील एक बाब तातडीची आहे, ती आधी लिहितो.

आपल्या आईंना दिलेल्या दोन गोळ्यांचे स्वभाव वेगळे आहेत. एकटे मेटफॉर्मिन सहसा साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली नेत नाही. ग्लिमेपिराइड मात्र स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, आणि माणूस जेवला आहे की उपाशी आहे हे ती गोळी पाहत नाही. ती सकाळी घेऊन दुपारपर्यंत पोटात काही गेले नाही, तर साखर ७० मि.ग्रॅ.च्या खाली जाऊ शकते. घाम सुटतो, हातपाय थरथरतात, छातीत धडधडते, डोळ्यांपुढे अंधारी येते, बोलणे असंबद्ध होते. नवरात्रात या लक्षणांचा अर्थ लावताना घरच्यांची गल्लत होते. घटासमोर बसलेली बाई घामाने डबडबली आणि कापू लागली, तर कुणाला उपवासाची ग्लानी वाटते, कुणाला देवीचा संचार वाटतो, आणि साखर द्यायला उशीर होतो. अशा वेळी आधी ग्लुकोमीटरवर पाहावे. ग्लुकोमीटर हाताशी नसेल तर वाट न पाहता तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे, आणि साखर वर आली की काहीतरी पोटभरीचे खायला द्यावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता सरळ दवाखाना गाठावा.

म्हणून घटस्थापनेच्या आधीच डॉक्टरांकडे जाऊन आईंचे सगळे उपवास, आणि रात्री त्या नेमक्या कधी जेवतात, हे स्पष्ट सांगा. आमच्यासमोर बसलेली माणसे उपवासाची गोष्ट लपवतात, कारण डॉक्टर रागावतील अशी भीती असते, आणि ती भीती आम्हीच घातलेली आहे याचे मला वाईट वाटते. उपवास माहीत असला तर गोळी बदलता येते, तिची वेळ हलवता येते, काही दिवस ती थांबवताही येते. माहीत नसला तर आम्ही तीन वेळा जेवणाऱ्या माणसाची मात्रा लिहून देतो.

आता उपवासातल्या फराळाचा विचार करू. १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात ८५ ग्रॅमच्या वर पिष्ट असते. प्रथिने आणि तंतू जवळजवळ नसतातच. म्हणजे सकाळभर पोट रिकामे असताना साखर घसरते आणि दुपारी खिचडीचे ताट झाले की तीच अडीचशे-तीनशेच्या घरात जाऊ शकते. त्याऐवजी थोडी भगर, सोबत शेंगदाण्याची आमटी, दही किंवा ताक, काकडी, राजगिऱ्याची भाजी असा फराळ दिवसातून तीन वेळा थोडाथोडा घ्यावा. भगरीतही पिष्ट आहेच, त्यामुळे तीही वाटीने मोजूनच वाढावी.

आपल्याकडची रीतही वाटते तितकी ताठर नाही. घट बसतात तो दिवस आणि उठतात तो दिवस धरून केलेला उठता-बसता उपवास कित्येक घरांत पूर्ण मानला जातो. धान्यफराळाची पद्धतही आहे: ज्वारी किंवा गहू भाजून दळायचे आणि त्याच पिठाची भाकरी-पोळी खायची. माझ्या मते आपल्या आईंसाठी धान्यफराळ हा सर्वांत सुरक्षित मार्ग आहे, कारण व्रत त्यांच्याच हातात राहते आणि जेवणाच्या वेळाही टिकतात. मात्र हे त्यांना मुलाने सांगण्यापेक्षा घरातल्या किंवा भावकीतल्या एखाद्या वडीलधाऱ्या बाईने सांगितले तर अधिक पटेल.

भाकरीबद्दल एक सांगणे आवश्यक आहे. मधुमेहाला ज्वारी चालते म्हणून तीन-तीन भाकरी खाणारे रुग्ण मी रोज पाहतो. १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठात पिष्टमय पदार्थ ६५ ते ७० ग्रॅम असतात आणि गव्हाच्या कणकेतही जवळपास तितकेच. भाकरी अवश्य खावी, पण आपल्या घरच्या एका भाकरीला किती पीठ लागते ते एकदा काट्यावर तोलून पाहावे. अर्धी भाकरी कमी करून त्या जागी मटकीची उसळ, पिठले किंवा घट्ट वरण वाढवले, तर कोनाड्यातल्या पत्रकाची गरज उरणार नाही.

आपल्या वडिलांना आदरपूर्वक सांगा की भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज निघाला. त्यात शहरांचे प्रमाण १६.४ टक्के असले तरी खेड्यांतले प्रमाणही ८.९ टक्के आहे. गोळी सुटत नाही हे बहुतेकांच्या बाबतीत खरे आहे, पण तो गोळीचा दोष नव्हे; आजारच राहणारा आहे. वजन आणि आहार लवकर आटोक्यात आला तर काहींच्या गोळ्या कमी होतात, क्वचित थांबतातही. ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली व्हावे.

सिंदफणा (बीड जिल्हा)

मी आरोग्य खात्यात काम करते आणि आशाताईंबरोबर वाड्या-वस्त्यांवर फिरते. डॉक्टरसाहेबांनी औषधांचे लिहिले आहेच. मला आपल्या प्रश्नातल्या दुसऱ्या भागाविषयी, म्हणजे रात्रीच्या दहाच्या ताटाविषयी लिहायचे आहे, कारण माझ्या पाहण्यात बायकांचा मधुमेह तिथेच हाताबाहेर जातो.

पुरुषाला साखर निघाली की घर त्याच्याभोवती फिरते. त्याची भाकरी वेळेवर, त्याचा चहा वेगळा, त्याच्या गोळ्यांची आठवण बायकोला. बाईला निघाली की तिचे पथ्य तिनेच करायचे, तेही सगळ्यांचे झाल्यावर. शेवटी जेवणारी बाई उरलेले खाते. भाजी संपलेली असते, वरण तळाला गेलेले असते, म्हणून ती भात आणि शिळ्या भाकरीवर भागवते, पोरांच्या ताटातले टाकवत नाही म्हणून तेही संपवते. तिच्या ताटात पिष्टच अधिक येते, आणि ते खाऊन ती लगेच अंथरुणाला टेकते. यावर आहारपत्रकाचा काही उपयोग नाही. आमच्याकडे एका घरी सुनेने सासूचे ताट आधी वाढून झाकून ठेवायला सुरुवात केली, त्यात भाजी-वरण पुरेसे आणि भाकरी मोजून. आणि सासऱ्यांनी स्वतः हाक मारून त्यांना साडेसातला आपल्याबरोबर बसवले. पहिले काही दिवस त्या माउलीला घास गिळवत नव्हता. पण घरातल्या कर्त्या माणसाने बसवल्यावर तिला नाही म्हणता आले नाही. आपल्या वडिलांचे मन यासाठी वळवता आले, तर पथ्याचा निम्मा प्रश्न तिथेच सुटेल असे मला वाटते.

चहाचेही तसेच आहे. आपल्याकडे पत्ती, दूध, साखर एकत्रच उकळते आणि दारात आलेल्या प्रत्येकाबरोबर घरच्या बाईला घोटभर घ्यावा लागतो. साखर टाकण्याआधी एक कप बाजूला ओतून ठेवण्याची सवय सुनेला लावा, म्हणजे पाहुण्यांपुढे वेगळे काही करावे लागत नाही. गुळाचा चहा चालतो, हा समज मात्र काढून टाका. गुळाचा बहुतांश भाग साखरच असतो.

पुडीविषयी कळकळीने सांगते की ती देऊ नका. बेनामी पुड्यांमध्ये कधीकधी ॲलोपॅथीच्याच गोळ्या कुटून मिसळलेल्या आढळतात, आणि त्या आईंच्या चालू गोळ्यांवर पडल्या तर साखर एकदम खाली येईल. कारल्याची भाजी, मेथी, जांभूळ हे जेवणात खुशाल असू द्या, पण गोळीच्या बदल्यात नको. आत्यांनी प्रेमापोटी आणले आहे, त्यांचा अवमान होऊ नये, म्हणून डॉक्टरांनी सध्या दुसरे काही घेऊ नका असे बजावले आहे, एवढे सांगितले तरी पुरे.

रानात राबणाऱ्या बाईला साखर कशी, या प्रश्नाचे उत्तर आपल्या शिवारातही आहे. घरची शाळू ज्वारी कमी झाली, सोयाबीन आणि हरभरा वाढला, रेशनचा गहू-तांदूळ ताटात आला. मळणी यंत्राने होते, पाणी नळाला किंवा टँकरला येते. अंगमेहनत उरली ती ठरावीक दिवसांची. ऊसतोडीला जाणाऱ्यांचे कष्ट आजही हाडे मोडणारे आहेत, तरी त्यांच्यातही मधुमेह निघतो, आणि दिवाळीच्या सुमारास कोयता (तोडणीला जाणारी जोडी) गाव सोडून गेला की चार-पाच महिने गोळ्यांची साखळीच तुटते. ज्यांना इन्सुलिन आहे त्यांच्या कोपीत (फडावरच्या झोपडीत) फ्रिज कुठला? अशांना आम्ही दोन मातीच्या भांड्यांमध्ये ओली वाळू भरून, आतल्या भांड्यात कुपी कोरड्या डबीत ठेवायला शिकवतो, आणि जाण्याआधी जास्तीत जास्त दिवसांच्या गोळ्या सोबत देण्याचा प्रयत्न करतो. हे आपल्या घराला लागू नाही. पण वाचणाऱ्यांपैकी कुणाला उपयोगी पडेल म्हणून लिहिले.

दुधना (परभणी)

माझे औषधांचे दुकान आहे आणि माझ्या अम्मींना अनेक वर्षांपासून मधुमेह आहे. नवरात्र आणि रमजान यांत फरक असला, तरी आपला प्रश्न वाचताना आमच्या घरातलेच बोलणे ऐकतो आहे असे वाटले, म्हणून लिहीत आहे.

रोजा सोडायला अम्मी तयार नव्हत्या. कुराणात सूरह बकराच्या १८४ आणि १८५ क्रमांकाच्या आयतींमध्ये आजारी माणसाला सवलत दिलेली आहे, हे त्यांना ठाऊक होते. पण सवलत घेणे म्हणजे ईमान कमी पडणे, अशी त्यांची भावना होती. आमच्या बोलण्याने ती बदलली नाही. मोहल्ल्यातील मौलानासाहेबांनी समोर बसून सांगितले की जिवाला धोका असताना रोजा न ठेवणे हेदेखील आज्ञापालनच आहे आणि त्याचा फिदिया (बदल्यात गरिबाला अन्नदान) देता येतो, तेव्हा कुठे त्या ऐकायला राजी झाल्या. आपल्याकडेही पुजारी, कीर्तनकार किंवा गावातील ज्यांचा शब्द आई मानतात अशा व्यक्तीची मदत घ्यावी, असे सुचवतो.

त्या वर्षी पूर्ण सवलत न घेता डॉक्टरांनी मधला मार्ग काढला. रमजानच्या दीड-दोन महिने आधी तपासण्या केल्या, सकाळची मोठी मात्रा इफ्तारकडे (संध्याकाळी रोजा सोडतानाच्या खाण्याकडे) हलवली, सहरी (पहाटेचे जेवण) शेवटच्या घटकेला आणि भरपूर तंतूंची ठेवली. साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर लगेच रोजा सोडायचा, हे आधीच ठरले होते, त्यामुळे ऐन वेळी वाद झाला नाही. बोटाला सुई टोचून तपासल्याने रोजा तुटत नाही, हे बऱ्याच लोकांना सांगावे लागते. आपल्याकडेही सोवळ्यात रक्त नको म्हणून तपासणी टाळली जाते, असे गिऱ्हाइकांकडून ऐकले आहे. ती शंका आधीच मिटवून घ्यावी.

तेरणाकाठ (औसा तालुका)

सर्वांचे मनापासून आभार. सिंदफणाताई, आपला मजकूर मी वडिलांना मोठ्याने वाचून दाखवला; ते काही बोलले नाहीत, पण काल रात्री त्यांनी आईला जेवायला हाक मारली. धान्यफराळाविषयी मोठ्या मावशीला फोन केला असून ती घटस्थापनेआधी येऊन आईशी बोलणार आहे.

एक गोष्ट लिहायची राहिली होती. आई नवरात्रात नऊ दिवस पायांत चप्पल घालत नाही आणि कोजागरीला गावच्या बायकांबरोबर तुळजापूरला अनवाणी चालत जाते. तिच्या तळव्यांना मुंग्या येतात असे ती अलीकडे म्हणते. याशिवाय ती माळकरी असल्याने मांस-अंडी काही खात नाही. यात काही अडचण आहे काय? आणि उपवासाच्या दिवसांत साखर नेमकी केव्हा तपासावी?

मन्याड (नांदेड)

मी परिचारिका आहे आणि पायांच्या जखमा बांधण्यात माझी बरीच नोकरी गेली आहे, त्यामुळे आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर जरा कठोरपणे देते: तळव्यांना मुंग्या येत असताना आईंना अनवाणी चालू देऊ नका. मुंग्यांनंतरची पायरी बधिरपणाची असते. काटा रुतला, खडा टोचला, तापलेल्या डांबराने फोड आला, तरी माणसाला कळत नाही. ते चालतच राहते, आणि घरी आल्यावर मोज्याला किंवा अंथरुणाला डाग दिसतो तेव्हा जखम समजते. ज्या पायांना वेदना होते ते स्वतःला वाचवतात. बधिर पायांना ते जमत नाही. कोजागरीनंतरच्या दिवसांत अशा जखमा घेऊन येणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत, आणि काहींची बोटे वाचली नाहीत.

आधी डॉक्टरांकडून पायांची संवेदना तपासून घ्या. नायलॉनचा बारीक तंतू तळव्याला टेकवून ती तपासतात, त्याला दोन मिनिटेही लागत नाहीत. संवेदना शाबूत असेल तरी मऊ तळाची, बंद टाचेची चप्पल घालून चालावे आणि मुक्कामाच्या ठिकाणी दिव्याच्या उजेडात दोन्ही तळवे, बोटांच्या बेचक्या कुणाला तरी पाहायला सांगाव्यात. अनवाणीच दर्शन घ्यायचे तर मंदिराच्या पायऱ्यांपासून आत तसे जाता येईल. एस.टी.ने तुळजापूरला जाऊन दर्शन घेतले तर आई भवानी रागावणार नाही, हे मी स्वतः भक्त म्हणूनच सांगते. फोड आला तर हळद, राख, चुना लावू नये. स्वच्छ पाण्याने धुऊन, कोरडे करून त्याच दिवशी दाखवावे.

माळकरी असण्याने औषधात अडचण नाही, परंतु मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्यास शरीरातील बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकते, आणि ते मुख्यतः दूध, अंडी, मांस यांतूनच मिळते. बी-१२ कमी झाल्यानेही तळव्यांना मुंग्या येतात. त्यामुळे आईंच्या मुंग्या साखरेच्या आहेत की बी-१२ च्या, की दोन्हींच्या, हे रक्त तपासल्याशिवाय सांगता येणार नाही. मेटफॉर्मिन सुरू होऊन महिनाच झाला आहे, तेव्हा कमतरता असली तर ती आधीचीच असेल. ताक-दही रोज असू द्या आणि या तपासणीचा विषय डॉक्टरांकडे आपणहून काढा.

मांजरा (लातूर)

मन्याडताईंनी लिहिलेल्या प्रत्येक शब्दाशी मी सहमत आहे. मुंग्यांची गोष्ट आपण आता सांगितली हे फार बरे झाले. मधुमेह निघाला त्याच वेळी डोळ्यांच्या पडद्याची तपासणी, मूत्रपिंडांसाठी लघवीतील अल्ब्युमिन आणि रक्तातील क्रिएटिनिन हेही पाहायचे असते, कारण या प्रकारचा (टाइप २) मधुमेह निदानाच्या आधी कित्येक वर्षे शरीरात असू शकतो. हे झाले नसेल तर याच फेरीत करून घ्या.

उपवासाच्या दिवशी सकाळी उठल्यावर, फराळाआधी, फराळानंतर दोन तासांनी आणि संध्याकाळी आरतीच्या आधी असे चार वेळा तपासावे. स्ट्रिप महाग पडतात याची मला जाणीव आहे. रोज चारदा जमत नसेल तर पहिल्या दोन दिवशी पूर्ण तपासून नंतर ज्या वेळी आकडा बिघडलेला दिसला तीच वेळ धरावी. एरवी उपाशीपोटी ८० ते १३० आणि जेवणानंतर दोन तासांनी १८० च्या आत, हे साधारण लक्ष्य असते. आकड्यासमोर त्या वेळी काय खाल्ले होते तेही वहीत लिहावे, नुसत्या आकड्यांवरून आम्हाला फारसे उमगत नाही.

एचबीएवनसी गेल्या साधारण तीन महिन्यांची सरासरी सांगते, म्हणून पुढची तपासणी मार्गशीर्षात, वेळ अमावस्येच्या आसपास येईल. आपल्या भागात त्या दिवशी सगळे शिवारात असतात, हे लक्षात ठेवून आधीची तारीख घ्या. त्या दिवशीची भज्जी आईंनी पोटभर खावी, तीत डाळी, शेंगा आणि भाज्याच असतात. आंबील एक वाटी चालेल. गव्हाची खीर मात्र दोन चमच्यांवर थांबवावी, आणि उंडे (पिठाचे उकडलेले गोळे) घेतले तर त्या जेवणात भाकरी घेऊ नये.